दुकानाचा परवाना आणि मजुरांची जहाजे: नाताळ ते कलकत्ता, १८९७–१९१४

१/
औंढा नागनाथच्या देवळाबाहेर बेल-फूल, नारळ, प्रसाद विकणारी दुकाने आहेत. क्षणभर कल्पना करा की उद्या तिथे असा नियम आला: दुकानाचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यायचा. हिशेबाच्या वह्या फक्त इंग्रजीत ठेवायच्या. परवाना द्यायचा की नाही, हे एक अधिकारी स्वतःच्या मर्जीने ठरवणार. त्याने नाकारला तर अपील नगरमंडळाकडे, आणि त्या मंडळात बसलेले लोक म्हणजे तुमच्याच धंद्यातले प्रतिस्पर्धी व त्यांना निवडून देणारे मतदार. मंडळाने नकार कायम केला की संपले. न्यायालयाचे दार बंद.

२/
हा नियम एका वसाहतीत खरोखर लागू होता. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नाताळ येथे १८९७ साली तो कायदा झाला: 'डीलर्स लायसन्सेस ॲक्ट', त्या वर्षीचा १८ क्रमांकाचा. (सणाशी या नावाचा संबंध आहेच. वास्को द गामाला हा किनारा १४९७ च्या नाताळात दिसला, म्हणून ते नाव.) एका दुकानदारी कायद्यावरून सुरू झालेला वाद कलकत्त्याच्या कौन्सिलात कसा पोहोचला, एका कोकणी माणसाने त्याला कोणते उत्तर दिले आणि त्या उत्तराने नेमके कोणाचे भले झाले, हे या थ्रेडमध्ये पाहू.

३/
आधी पार्श्वभूमी. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून मजूर घेऊन डर्बनच्या बंदरात लागले. नाताळच्या गोऱ्या मळेवाल्यांना उसाच्या शेतीसाठी माणसे हवी होती. करार पाच वर्षांचा. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दरवर्षी एकेक शिलिंगाने वाढत जाणारा. १९११ पर्यंत असे सुमारे १,५२,००० हिंदी लोक नाताळात गेले.

४/
त्यांच्या मागोमाग स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी गेले. त्यांत बहुसंख्य गुजराती मुसलमान होते, पण दक्षिण आफ्रिकेत पोहोचलेल्यांत आपले कोकणी मुसलमानही होते. केपटाऊनमध्ये त्यांची वस्ती आजही ओळखता येते. हे व्यापारी कमी नफ्यावर माल विकत. त्यांचे गिऱ्हाईक गिरमिटिया, आफ्रिकी आणि गरीब गोरे असे सगळेच. गोऱ्या दुकानदारांच्या पोटात दुखू लागले ते इथे.

५/
गंमत पाहा: गोऱ्या मळेवाल्याला हिंदी माणूस मजूर म्हणून हवा होता आणि गोऱ्या दुकानदाराला तोच माणूस व्यापारी म्हणून नको होता. नाताळचे सगळे राजकारण या दोन गोऱ्या वर्गांच्या ओढाताणीवर चालले. १८९५ साली त्यांनी एक मधला मार्ग काढला. करार संपल्यावर जो परत जाणार नाही आणि पुन्हा करारही करणार नाही, त्याने दरवर्षी तीन पौंड कर द्यावा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग. नव्या मजुराच्या पगारात सहा महिन्यांची कमाई. सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी यांनाही हाच कर.

६/
मोहनदास गांधी १८९३ पासून तिथे वकिली करत होते. १८९६ साली ते भारतात आले आणि ही सगळी कहाणी सांगत फिरले. मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. पुण्यात ते टिळकांना भेटले, गोखल्यांना भेटले. तेव्हा पुण्यात सार्वजनिक सभेवरून दोन तट पडलेले होते. म्हणून टिळकांनी सुचवले की अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नको. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना विचारा. भांडारकर तयार झाले. टिळक आणि गोखले यांचे एकमत झालेले विषय मोजकेच. नाताळ हा त्यांतला एक.

७/
गांधी परतले तेव्हा डर्बनमध्ये गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली (१३ जानेवारी १८९७). त्याच वर्षी नाताळच्या कायदेमंडळाने एकापाठोपाठ कायदे केले. एक स्थलांतराचा: वसाहतीत येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. दुसरा आपला परवान्याचा.

८/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी या कायद्यांची भाषा मुद्दाम वाचावी. त्यांत 'हिंदी', 'आशियाई', 'काळा' असा एकही शब्द नाही. हा योगायोग नव्हता. ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८९७ मध्ये लंडनला जमलेल्या वसाहतींच्या पंतप्रधानांना सांगितले की रंगाचा उल्लेख करून राणीच्या कोट्यवधी हिंदी प्रजेचा अपमान करू नका. नाताळसारखी शब्दरचना करा. म्हणजे माणसाला गाळायचे ते गाळाच, पण चाळणीवर त्याचे नाव लिहू नका.

९/
परवान्याच्या कायद्यात वह्या इंग्रजीत हव्यात, जागा आरोग्याच्या दृष्टीने योग्य हवी, विनापरवाना धंदा केल्यास २० पौंड दंड. वरवर पाहता यात गैर काय? कोणतेही नगरमंडळ स्वच्छता पाहतेच. मेख होती ती अधिकाऱ्याच्या अमर्याद मर्जीत आणि वरच्या न्यायालयात अपील नसण्यात. कायद्याने अन्याय करायला सांगितले नव्हते. अन्याय केला तर विचारणारा कोणी राहणार नाही, एवढीच सोय केली होती.

१०/
पहिल्याच वर्षी सोमनाथ महाराज यांचा खटला गाजला. हा गिरमिटावर आलेला, मुदत पुरी करून मोकळा झालेला माणूस. त्याने डर्बनमध्ये दुकानाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. कारण विचारले तर ते सांगण्यासही नकार. सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये नगरमंडळाची ही कार्यपद्धती रद्द ठरवली. मंडळाने मग पुन्हा सुनावणी घेतली, कारण सांगितले आणि परवाना पुन्हा नाकारला. कारण काय? या प्रकारचा धंदा शहरात पुरेसा आहे!

११/
त्या काळच्या सुनावण्यांत एका नगरसेवकाने उघडच सांगून टाकले की अर्जदार किंवा जागा नालायक आहे म्हणून नव्हे, तर शहराच्या व्यापारावर हिंदी लोकांची पकड वाढू नये म्हणून परवाना नाकारला जातो. दुसरीकडे न्यूकॅसल गावच्या व्यापाऱ्यांनी अपिलाच्या हक्काचा प्रश्न थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला. तिथे निकाल विरुद्ध गेला: कायद्यानेच अपील काढून घेतले आहे, न्यायालय हतबल आहे.

१२/
लंडनहून थोडा दबाव आला. नाताळ सरकारने नगरमंडळांना कानमंत्र दिला की जुन्या, जम बसलेल्या दुकानदारांना हात लावू नका, नाहीतर आपल्याला अपिलाचा हक्क परत द्यावा लागेल. 'जुने' आणि 'नवे' हा फरक इथे पहिल्यांदा दिसतो. तो लक्षात ठेवा.

१३/
शेजारच्या ट्रान्सवालमध्ये परवान्याचा वेगळाच वापर झाला. १९०७ च्या कायद्याने आशियाई लोकांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी सक्तीची केली आणि परवाना हवा तर नोंदणीचा दाखला दाखवा, असे बंधन घातले. १९०८ मध्ये सत्याग्रहींनी हेच शस्त्र उलटवले. ज्यांनी आयुष्यात टोपली उचलली नव्हती असे सुखवस्तू लोक भाजी-फळे घेऊन विनापरवाना फेरीवाले झाले आणि आनंदाने तुरुंगात गेले.

१४/
आता १९०८ चे नाताळ. मंडळांच्या मर्जीने काम भागेना, म्हणून तिथल्या कायदेमंडळाने दोन विधेयके संमत केली. एक: यापुढे कोणत्याही आशियाई माणसाला नवा परवाना नाही. दोन: असलेले परवाने नुकसानभरपाई देऊन दहा वर्षांत संपवायचे. या वेळी बुरखा गळून पडला होता. लंडनने राजमान्यता नाकारली. पण हेतू जगापुढे आला.

१५/
मग भारतात प्रश्न उभा राहिला: आपल्या माणसांवर परक्या भूमीत अन्याय होत असेल तर आपण काय करायचे? अर्ज-विनंत्या बारा-तेरा वर्षे झाल्या. नाताळला भारताकडून माल नको होता, भांडवल नको होते. एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे मजूर. १९०९ मध्ये नाताळ सरकारच्याच चौकशी आयोगाने मान्य केले की ऊस, कोळसा आणि शेती हे धंदे हिंदी मजुरांवाचून चालणार नाहीत. शत्रूने आपल्या दुखऱ्या नसेचा नकाशा छापून द्यावा, तसेच हे झाले.

१६/
नामदार गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, कोतळूक, जिल्हा रत्नागिरी. मोर्ले-मिंटो सुधारणांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील सभासदांना सार्वजनिक प्रश्नांवर ठराव मांडण्याची मुभा नुकतीच मिळाली होती. २५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्त्यात गोखल्यांनी ठराव मांडला: नाताळसाठी ब्रिटिश हिंदुस्थानातून गिरमिटाच्या मजुरांची भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा.

१७/
(एक कंस. औंढा नागनाथ, हिंगोली, परभणी हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. संस्थानी प्रजेने निवडून दिलेला एकही सभासद त्या कौन्सिलात नव्हता. परदेशातील मतहीनांच्या हक्कांवर जी सभा बोलत होती, तिच्यात आपल्याकडच्या माणसाला आवाज नव्हता.)

१८/
या ठरावाविरुद्ध जे आक्षेप घेता येण्यासारखे होते, ते पोकळ नव्हते. पहिला: सरकारचे जुने धोरण असे की स्थलांतरात आम्ही तटस्थ, गरीब माणूस पोटासाठी जातो, त्याचे दार आपणच का लावावे? दुसरा: परवाने नाकारतात दुकानदार आणि मजूर बंद केल्याने मरणार मळेवाला, चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला? तिसरा: नाताळ शेजारच्या पोर्तुगीज मुलखातून माणसे आणील, मग आपल्या हाती काय उरेल?

१९/
दुसऱ्या आक्षेपाला नाताळच्या राजकारणातच उत्तर होते. तिथल्या सत्तेत मळेवाल्याचे वजन मोठे. त्याच्या खिशाला झळ लागली की तो स्वतःच दुकानदाराला आवरील, ही अटकळ. पहिल्या आक्षेपाला गोखल्यांचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी मजूरबंदीला केवळ सूडाचे साधन ठरवले नाही. गिरमिटाची पद्धत मुळातच माणसाला गुलामीच्या कडेला नेणारी आहे, हाही मुद्दा जोडला. केवळ बदला म्हणून मजूर थांबवायचे असते, तर नाताळने व्यापाऱ्यांना चार परवाने दिले की मजुरांची जहाजे पुन्हा सुटली असती.

२०/
त्या चर्चेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. मुंबईचे तरुण बॅरिस्टर महंमद अली जीना ठरावाच्या बाजूने उठले आणि दक्षिण आफ्रिकेतील वागणुकीला त्यांनी 'क्रूर' म्हटले. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो. साम्राज्याच्या मित्र वसाहतीबद्दल हा शब्द फार कडक आहे, असे त्यांनी बजावले. जीनांनी शब्द मागे घेतला नाही. याहून कडक भाषा वापरावीशी वाटत होती, असे सुनावले.

२१/
सरकारने ठराव स्वीकारला. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९११ पासून नाताळला गिरमिटाचे मजूर पाठवणे बंद झाले. पन्नास वर्षांची रहदारी थांबली. परदेशातील हिंदी लोकांच्या छळाला उत्तर म्हणून हिंदुस्थान सरकारने खंत व्यक्त करणारी पत्रे सोडून एखादी ठोस वस्तू रोखून धरली, असे हे फार दुर्मीळ उदाहरण.

२२/
मग याचा परवान्यांवर परिणाम झाला का? इथे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. मजूर बंद होण्याची टांगती तलवार दिसू लागताच, १९०९ मध्ये, नाताळने परवान्याच्या कायद्यात दुरुस्ती केली (२२ क्रमांकाचा कायदा) आणि सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क दिला. बारा वर्षांच्या अर्जांनी जे झाले नव्हते ते झाले. पण कोणासाठी? परवान्याचे नूतनीकरण नाकारले तरच अपील. नवा परवाना नाकारला तर पूर्वीचीच स्थिती.

२३/
म्हणजे जम बसलेला शेठ बचावला. सोमनाथ महाराजासारखा, करार संपवून चार पैसे गाठीला बांधून पहिले दुकान टाकू पाहणारा माणूस होता तिथेच राहिला. मजुरांच्या नावाने उगारलेल्या शस्त्राचा पहिला लाभ व्यापाऱ्याला मिळाला. गोखल्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण हिशेब मांडायचा तर हीही नोंद करावी लागते.

२४/
आणखी एक बाजू. नवे मजूर येईनासे झाले, तसे मळेवाल्यांना जुनेच मजूर पुन्हा करारात बांधणे निकडीचे झाले. त्यासाठी तीन पौंडांचा कर फारच सोयीचा होता: कर भरता येत नाही ना, मग कर पुन्हा करार! बंदीने बाहेरून येणाऱ्यांचे रक्षण केले आणि आत अडकलेल्यांचा फास थोडा आवळला.

२५/
गोखल्यांना याची जाणीव झाली होती, असे त्यांच्या पुढच्या पावलांवरून दिसते. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी कौन्सिलात गिरमिटाची पद्धत सगळ्याच वसाहतींसाठी बंद करण्याचा ठराव मांडला. बाजूने २२, विरुद्ध ३३. हरले. त्याच वर्षी मधुमेहाने खंगलेला हा माणूस स्वतः दक्षिण आफ्रिकेला गेला.

२६/
२२ ऑक्टोबर १९१२ ला ते केपटाऊनला उतरले. सरकारने रेल्वेचा खास डबा दिला, शहराशहरांत मानपत्रे झाली. पण मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा तपशील वेगळाच आहे. श्रोत्यांत कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय होते. गांधींनी आग्रह धरला की तुम्ही इंग्रजीऐवजी मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गांधींचे हिंदुस्थानी कसे आहे हे गोखल्यांना कळून चुकले होते. आता मराठी कुठे शिकलात, अशी थट्टा त्यांनी केली. पण बोलले मराठीतच, आणि परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत हाच क्रम ठेवला. रत्नागिरीच्या माणसाने रत्नागिरीच्याच माणसांशी आफ्रिकेत आपल्या भाषेत बोलावे, यासाठी एका काठियावाडी माणसाला हट्ट करावा लागला!

२७/
प्रिटोरियात बोथा, स्मट्स प्रभृती मंत्र्यांशी भेट झाली. तीन पौंडांचा कर रद्द होईल असे वचन मिळाल्याचे गोखल्यांनी सांगितले. मंत्र्यांनी नंतर तसे वचन दिलेच नाही म्हटले. त्या नकारातून १९१३ चा संप पेटला. कोळशाच्या खाणीतले, मग उसाच्या मळ्यांतले हजारो मजूर बाहेर पडले. भारतात गोखले आजारपणातही निधी जमवत राहिले. (सर रतन टाटांनी १९०९ मध्येच ट्रान्सवालच्या लढ्यासाठी २५,००० रुपये दिले होते, हे जमशेटजींचे धाकटे पुत्र, अलीकडचे रतन टाटा नव्हेत.) लॉर्ड हार्डिंग या व्हाइसरॉयने मद्रासच्या भाषणात उघड सहानुभूती दाखवून लंडनला चकित केले.

२८/
१९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि हिंदी विवाहांना मान्यता मिळाली. परवान्याचे कायदे? ते जागच्या जागी राहिले. गांधींनी स्मट्सना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात नोंदवले की परवान्यांचे कायदे बदलले नाहीत म्हणून आपले काही देशबांधव नाराज आहेत. कर मजुराचा होता, तो मजुरांच्या संपाने गेला. परवान्यासाठी संप करणार कोण? दुकानदाराने दुकान बंद ठेवले तर गोऱ्या स्पर्धकाला तेच हवे होते.

२९/
या सगळ्या कागदपत्रांत एक माणूस जवळजवळ दिसतच नाही: ज्याच्या भूमीवर हे चालले होते तो आफ्रिकी. हिंदी नेत्यांचे अर्ज 'आम्ही साम्राज्याचे प्रजाजन, आम्हाला आफ्रिकनांच्या रांगेत बसवू नका' या सुरात होते. त्या काळाच्या चौकटीत हे समजून घेता येते. झाकून ठेवण्याचे मात्र कारण नाही.

३०/
गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले. १९१२ मध्ये हरलेला त्यांचा ठराव १९१६ साली मदनमोहन मालवीयांनी पुन्हा मांडला, सरकारने तो मान्य केला आणि १९१७ मध्ये गिरमिटाची भरती सर्वत्र थांबली.

३१/
तीस वर्षांनी हाच पेच पुन्हा आला, आणि या वेळीही मराठी माणसे मोक्याच्या जागी होती. दक्षिण आफ्रिकेने १९४३ आणि १९४६ च्या कायद्यांनी हिंदी लोकांच्या जमीन-मालकीवर व वस्तीवर निर्बंध आणले. व्हाइसरॉयच्या मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते १९४३ ते १९४६ या काळात नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे होते. काँग्रेसशी त्यांचे हाडवैर, पण या प्रश्नावर ते काँग्रेसहूनही आक्रमक. प्रिटोरियात भारताचे उच्चायुक्त होते वऱ्हाडचे रामराव देशमुख. मार्च १९४६ मध्ये व्यापार-करार संपवण्याची नोटीस गेली, देशमुखांना परत बोलावले गेले आणि १७ जुलै १९४६ पासून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार बंद झाला. वंशभेदावरून त्या देशाशी व्यापार तोडणारा भारत पहिला.

३२/
८ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील भारताच्या बाजूने ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव झाला. दक्षिण आफ्रिकेने तो जुमानला नाही. या वेळी तोडली गेली ती मालाची वाहतूक, आणि भारतातून तांदूळ, मसाले, कापड मागवून पोट भरणारा डर्बनचा हिंदी दुकानदारही तिच्या झळेत आला. १८९७ मध्ये ज्याचा परवाना अडवला गेला होता, त्याच्या नातवाचे गोदाम आता मायदेशाच्या बंदीमुळे अडचणीत होते. भारताने तो व्यापार पुन्हा सुरू केला १९९३ साली.